पंचफुलाकाकूचं उत्तर

वरवट बकालहून एसटीनं मलकापूरला आलो, तेव्हा मुंबईची गाडी यायला तासभर होता. बाबा फलाटावर माझ्या शेजारी बसून राहिले. माय आली नव्हती. मला जाताना पाहवणार नाही म्हणून ती सकाळीच कापूस वेचायला निघून गेली होती. गाडी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "लायनीत उभं राहाची लाज धरू नको. पन कोनाच्या पाया पडू नको. जा. जयभीम."

मला नटी व्हायचं होतं. ऑडिशनच्या लायनी खरंच लांब होत्या, आणि माझं बोलणं ऐकून टेबलापलीकडचे हसायचे. घासूनपुसून भाषा शुद्ध केली, तर एका मालिकेत काम मिळालं मोलकरणीचं. दिग्दर्शक म्हणाला, "तुमच्या गावाकडचंच बोला, मजा येते." मालिका चालली. माझ्या दर वाक्यामागे हसण्याचा आवाज टाकलेला असे. एकदा मायचा फोन आला.

"तू त माह्यावानीच बोलून राह्यली. मंग लोक हासून काऊन राह्यले?"

रेंज नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

पुढच्या वर्षी बाबा गेले. शूटिंग अडलं होतं, म्हणून तिसऱ्याच दिवशी मी परत फिरले. निघताना माय दारात एकटी उभी होती. ते डोळ्यांपुढून हलेना. त्यातून मी नाटक लिहिलं, सगळं वऱ्हाडीत. नवरा गेलेली बाई आणि तिचं रिकामं घर. बाईची भूमिका मीच करते. शेवटी ती प्रेक्षकांना विचारते, "आता सांजच्याले मी कोनासंग बोलू?" आणि अंधार होतो. मुंबईत त्या वाक्याला कुणी हसलं नाही, लोक रडले. मायच्या फोनवरच्या प्रश्नाला उत्तर दिलं, असं मला वाटलं.

गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेच्या पटांगणावर प्रयोग केला. माय पुढेच सतरंजीवर होती, शेजारी आमच्या गल्लीतली पंचफुलाकाकू. मी शेवटचा प्रश्न विचारून थांबले, तशी काकू मोठ्यानं म्हणाली, "काऊन बाई? मी येतो ना रोज!"

कुणी हसलं नाही. दोन-चार बायांनी नुसत्या माना हलवल्या.

घरी आल्यावर मायला विचारलं. ती म्हणाली, "खरं हाय. तुहे बाबा गेले तवापासून दिवस बुडला का येते थे. कधी बोलतो, कधी नुसत्याच बसतो."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू इचारलंच कवा?"

मायचं म्हणून जे एकटेपण मी रंगमंचावर मांडत होते, ते बरंचसं माझंच होतं. गाव सोडलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं, आपण निघालो त्या क्षणी घर तिथंच थांबलं. ते थांबत नाही. आपल्या वाटणीचं बसणं-उठणं दुसरं कुणीतरी करत असतं.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला निघणार होते, ते रद्द केलं. संध्याकाळी ओट्यावर मायजवळ बसले होते. काकू आली.

माय मला म्हणाली, "सरक वं. काकूची जागा हाय थे."

मी सरकले, आणि दोघींच्या पायाशी खालच्या पायरीवर जाऊन बसले.