ओली हवा जाईल कुठून?

"मावशी, सुकवणघराचा दोष नाही. तुमच्या बायकाच चिकूच्या फोडी जाड कापतात!"

आमचं हे उन्हावर चालणारं सुकवणघर बांधून देणारे इंजिनिअर साहेब तिसऱ्यांदा तेच बोलले. हातात कागद: 'सुकवणघर व्यवस्थित चालते.' खाली आमच्या गटाच्या अध्यक्षेची, म्हणजे माझी, सही हवी. सही केली की नासलेल्या चिकूचं खापर आमच्यावर, आणि सुकवणघर कायमचं असंच! एका हंगामात या माणसाचे इतके किस्से साठलेत की एकेक सांगतानाही डोकं तापतं.

पहिल्याच आठवड्यात वरच्या ट्रेमधल्या फोडींचा कोळसा, खालच्या ट्रेला हिरवी बुरशी. साहेब म्हणाले, "दर तासाला ट्रे वर-खाली करा." आमची कुंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, हे घर चिकूसाठी बांधलंय की आमच्या व्यायामासाठी?"

मग त्यांनी भिंतीतल्या झडपा बंद करवल्या. "हीट लीक होते!" सकाळी दार उघडलं, तर प्लास्टिकच्या छतावरून टपटप पाणी आणि खाली फोडींचा चिखल. वर म्हणतात, "समुद्र जवळ आहे ना, दमटपणा असणारच." समुद्र काय आमच्या शिरगावात काल आला?

मग आला पंखा. बोईसरच्या कुठल्याशा कारखान्यातून काढलेला, आवाज हेलिकॉप्टरचा! बसवला कुठे? बंद खोलीच्या मधोमध!

शेजारच्या मुरबे गावची हिराबाय मासे विकायला आली होती. तिनं दारातून नुसता हात आत घातला. "बाय, आमचे बोंबील निसत्या उनानं नाय सुकत, वारा लागतो. हितली ओली हवा जाईल कुटून?"

मी उदबत्ती पेटवून आत धरली. धूर पंख्यासमोर गोल गोल फिरला, बाहेर जायचं नाव नाही! साहेबांना म्हटलं, "खाली वारा आत यायला वाट करा, वर ओली हवा बाहेर जायला करा." तर म्हणे, "डिझाइनला हात लावलात तर वॉरंटी गेली!"

आणि आज हा कागद. "मावशी, आत हवा एकदम परफेक्ट आहे. सही करा, मला मीटिंग आहे."

बाहेर ऊन रणरणत होतं. मी प्लास्टिकची खुर्ची उचलली, सुकवणघरात ट्रेच्या मधे नेऊन ठेवली आणि कागद-पेन त्यांच्या हातात दिलं.

"साहेब, आधी तुमची सही, इथं बसून, दार मी बाहेरून लावते."