दुसरीच्या मोहाखाली

माझ्या आतेभावाइतका संशयी माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलात, वाघ धरूनही, सापडायचा नाही. तो समुपदेशक आहे. जोडीदारानं फसवलं म्हणून येणाऱ्यांचं ऐकायचं, नक्की काय घडलं ते तपासायचं आणि जमलं तर संसार सावरायचा, हे त्याचं काम. पण काम त्याच्यासोबत घरी येतं. बायकोला साडी घेतली असं मी सहज बोललो, तर चहाचा कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "काऊन? काय केलं तुनं?" वरोऱ्याच्या एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असतानाच माझ्या कानात म्हणाला, "नवरदेव कोणाकडं पाहून हसून राह्यला, ते पाह्य." तो बिचारा फोटोवाल्याकडं पाहून हसत होता. तेव्हापासून लग्नात माझं जेवणाकडं लक्ष लागत नाही.

त्याच्यापाशी छापील तक्ता आहे: फोन लपवणं, खोटं बोलणं, बाहेर मुक्काम, आणखी बरंच. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून तो एकच प्रश्न तीनदा, फिरवून फिरवून विचारतो. "खरं बोलणारा अडखळते, रचून सांगणाऱ्याले सारं पाठ असते," असं तो मला शिकवायचा आणि मलाही पटायचं.

मागच्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडची एक बाई आली. नवऱ्याचं दुसरीशी आहे, त्याले समजवा, माझा संसार राहू द्या, म्हणाली. फोन? नवऱ्याकडे नव्हताच. मुक्काम? रोज घरीच. मग कशावरून? तिन्ही वेळा तिनं न अडखळता एकच सांगितलं, "आमच्या मोहाची फुलं गाई खाऊन राह्यल्या, अन् हा तिच्या झाडाखाली तिची टोपली भरून राह्यला." नवरा म्हणाला, मदत केली फक्त. तक्त्यात एकाही रकान्यात खूण झाली नाही. "बाई, हा तुमचा संशय आहे," असं या माणसानं, याच माणसानं, तिला सांगितलं!

नाव-गाव न सांगता त्यानं ही गोष्ट घरी काढली, तर वहिनीची तव्यावरची पोळी करपली. ती त्याच भागातली. तिकडे मोहाची झाडं घराघराची ठरलेली. नवरा-बायकोनं सकाळी वेचायचं ते आपल्याच झाडाखाली. "साऱ्या गावादेखत दुसरीची टोपली भरली," वहिनी म्हणाली, "आणखी काय पाह्यजे होतं तुमाले?"

दुसऱ्याच दिवशी तो बसनं त्या बाईच्या गावी गेला. ती पोरांना घेऊन माहेरी निघून गेली होती. हा तिथंही पोचला आणि चुकलो म्हणाला. तिनं खाट टाकली, पाणी दिलं.

"साहेब, त्यानं केलं ते त्याच्यापाशी," ती म्हणाली. "मी खरं सांगून राह्यली होती. तुमी काऊन नाई मानलं?"

"मग तू काय म्हणालास?" तो परत आल्यावर मी विचारलं.

"पाणी पेलो अन् आलो."

एरवी मी त्याची टिंगल सोडत नाही. त्या दिवशी मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि न पाहिलेल्या त्या बाईचं त्याहून जास्त.