डाव्या गालाच्या आत

जसविंदरने टॉर्च पुन्हा डाव्या बाजूला वळवला तेव्हा लीलावतीच्या लक्षात आलं की हिला काहीतरी दिसलंय. उजव्या गालाशी ती दोन सेकंदंसुद्धा थांबली नव्हती. आता लाकडी पट्टीने डावा गाल ओढून धरून ती वाकली होती आणि तिची बडबड थांबली होती. आरोग्य केंद्रातली ही नर्स बोलल्याशिवाय साधा कापूससुद्धा फाडत नसे.

"जलन होती है, लीलाजी? मिर्ची लगती है?"

उघड्या तोंडानेच लीलावतीने मान हलवली. नाही. खरं तर दिवाळीपासून ठेचा त्या बाजूला लागला की डोळ्यांत पाणी यायचं. ती उजवीकडून जेवायला शिकली होती.

"तंबाकू, गुटखा, खैनी?" जसविंदरने फॉर्मवर पेन टेकवलं आणि तिला स्वतःलाच हसू आलं. "आपसे भी पूछना पड़ता है."

बाकावर ओळीने बसलेल्या बायका हसल्या. लीलावतीही हसली आणि म्हणाली, "नहीं जी."

चंदीगडच्या मनीमाजरा भागातल्या त्या केंद्रात लीलावती मोहितेची ओळखच नवऱ्याची तंबाखू सोडवणारी बाई अशी होती.

दोन वर्षांपूर्वी तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या दंडाला इथेच पट्टा बांधला गेला. कृष्णा मोहिते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटची पोस्टिंग इकडची, म्हणून इथेच राहिलेले. आता इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करत. रक्तदाबाचा वरचा आकडा निघाला एकशे ब्याण्णव. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी घ्या, मीठ कमी करा, रोज चाला, तंबाखू बंद. गोळीपर्यंत मोहिते तयार होते. बाकीचं लीलावतीने करवून घेतलं. लोणच्याची बरणी शेजारणीला देऊन टाकली. भाकरीत मीठ घालणं थांबवलं. मोहिते ड्यूटीवरून आले की दारातच खिसे उलटे करायची, बोटं हुंगायची. दुपारी गेटवर फोन लावायची, "तोंडात काय आहे? आ म्हणा बघू." मोहिते चार ड्रायव्हरांसमोर "आ" म्हणायचे आणि ड्रायव्हर हसायचे. आठ महिन्यांत आकडा एकशे छत्तीसवर आला.

जसविंदरने ही गोष्ट केंद्रात येणाऱ्या बायकांना इतक्या वेळा सांगितली, की शेवटी तिने लीलावतीलाच सांगायला बसवलं. एक मंगळवार सोडून एक मंगळवार लीलावती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आपल्या सातारी हिंदीत सांगायची, "आदमी को प्यार से नहीं, पीछे पड़के छुड़वाना."

आणि रोज पहाटे, मोहिते उठायच्या आधी, बाथरूमची कडी लावून ती तळव्यावर चिमूटभर मशेरी घ्यायची.

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासत बसायचं. पाटणकडे तिच्या माहेरी आई घासायची, आत्या घासायची, पाण्यावर भेटणाऱ्या सगळ्या घासायच्या. चौदाव्या वर्षी तिची दाढ दुखली तेव्हा आईनेच बोटाला लावून दिली होती. तिला कुणी तंबाखू म्हणत नसे. तंबाखू पुरुष खात. निशांत पोटात असताना दवाखान्यातल्या बाईंनी बंद करायला लावली आणि ती सुटली, असं मोहित्यांना वाटलं. तीन महिने सुटलीही होती. नंतर मोहिते कुठल्या कुठल्या बर्फात होते, त्यांना सांगायला कोण जातंय. आता नलिनी, तिची धाकटी बहीण, दर तीन महिन्यांनी चटणीच्या पार्सलमध्ये एक पिशवी घालून पाठवायची. चंदीगडच्या माणसांना मशेरी माहीतच नव्हती. डबी दिसली तरी मंजनाची वाटायची. त्यामुळे "नहीं जी" म्हणताना जीभ अडखळली नाही. फॉर्मवर मशेरीचं नाव नव्हतं.

पण दोन वर्षं ती दुसऱ्या बायकांना तपासणीच्या रांगेत बसवत होती आणि स्वतः बसायचं टाळत होती, हेही खरं. आज यादीत तिचं एकटीचं नाव राहिलं म्हणून जसविंदरने सगळ्यांसमोर हाताला धरून बसवलं होतं.

"सफेद दाग है छोटा सा," जसविंदर हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवार को दाँतों वाली डॉक्टर आएँगी. दिखा लीजिए. घबराना नहीं."

शुक्रवारी मोहित्यांनाही बीपी दाखवायचं होतं. दोघं एकाच स्कूटरवर आले.

दातांच्या डॉक्टर तिशीच्या, चष्मा लावलेल्या होत्या. कागद वाचून त्यांनी एकदम मराठीत विचारलं, "मोहिते म्हणजे कुठले तुम्ही?"

"पाटण तालुका," लीलावती म्हणाली. तिला क्षणभर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"मी कऱ्हाडची. सुमेधा. बसा काकू. दोन वर्षं झाली इथे येऊन, पण मराठी बोलायला पेशंट नाही मिळत. तोंड उघडा. अजून मोठं."

टॉर्च आत गेला. दोन फुटांवर मोहित्यांच्या दंडावरचा पट्टा फुगत होता.

"काकू, मशेरी लावता ना?"

पट्ट्यातली हवा सुटण्याचा आवाज तेवढा खोलीत राहिला. निशांत झाल्यापासून हा शब्द कुणा परक्या माणसाने तिच्या तोंडावर उच्चारला नव्हता. आणि हे घडायचं होतं ते चंदीगडमध्ये, नवऱ्याच्या देखत.

"लावायचे," लीलावती म्हणाली. "मुलगा झाल्यापासून न्हाई."

"आमच्या घरात तंबाखूचं नावसुद्धा नाही, मॅडम," मोहिते अभिमानाने म्हणाले. "मीच खायचो, तर ही पोलिसासारखी मागे लागली. अजून हुंगते."

"क्या पूछा डॉक्टरजी ने?" जसविंदरने विचारलं.

"कुछ नहीं. गाँव का पूछ रही थीं," लीलावती म्हणाली.

सुमेधाने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तर्जनीचं नख कडेला तपकिरी होतं. लीलावतीने हात पदराखाली घेतला. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाल्या, "काकू, हा डाग कशाचा ते नुसतं बघून सांगता येत नाही. छोटा तुकडा काढून तपासायला लागेल. येत्या गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलला या, मी तिथेच असते. त्या बाजूचा एक दात टोकदार झालाय, त्यानेही कधी कधी होतं. पण दातानेच झालंय असं धरून चालायचं नाही. कळतंय ना?"

लीलावतीला सगळं कळलं. मोहित्यांना दात तेवढा कळला.

"दातच लागतोय तो," घरी चपला काढता काढता ते म्हणाले. "तुकडा कशाला काढायचा? आमच्या बटालियनमधल्या एकाच्या मेहुण्याला नुसती सुरी लागली आणि सगळीकडे पसरलं. बाजारात तो डेंटिस्ट आहे, दात घासून गोल करून देतो. विषय संपला."

"व्हय, तसंच करू," लीलावती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की तिला स्वतःलाच बरं वाटलं नाही.

रात्रीची भाजी चिरताना तिला आत्या आठवली. आत्याला दाढेचं गळू झालंय असंच म्हणत होते सगळे. तालुक्याला नेऊन दाढ काढली. गळू बरं होईना म्हणून पुढची काढली. पुढच्या वर्षी आत्याच्या गालाला भोक पडलं आणि प्यायलेली पेज बाहेर यायला लागली. लीलावती तेव्हा एकोणीसची होती. आत्याच्या हनुवटीखाली वाटी धरायचं काम तिचं होतं.

शनिवारी पहाटे तिने मशेरी लावली नाही. सात वाजता डोकं ठणकायला लागलं, पोट साफ होईना, निशांतने "मम्मी, चाय में चीनी ही नहीं है" एवढंच म्हटलं तर ती त्याच्यावर ओरडली. साडेआठला कडी लावून तिने दुप्पट चिमूट घेतली. रविवारी, सोमवारी, मंगळवारी नेहमीसारखीच. मंगळवारी केंद्रात गेली नाही, गुडघा दुखतोय असा निरोप पाठवला.

बुधवारी सकाळी मोहिते तिला बाजारातल्या डेंटिस्टकडे घेऊन गेले. गाळा अरुंद होता. खुर्चीच्या मागे पाण्याचा कॅन, भिंतीवर हसऱ्या बाईचं पोस्टर. डेंटिस्टने मिनिटभर आत पाहिलं.

"बस, नोक है दाँत की. पाँच मिनट का काम. दाग दस दिन में गायब." मशीन हातात घेत त्याने सवयीने विचारलं, "तंबाकू वगैरह?"

"ये?" मोहितेच बोलले. "इसने तो मेरी छुड़वाई है, डॉक्टरसाब."

मशीन सुरू झालं. तो बारीक, कानात शिरणारा आवाज जवळ येत गेला. दात गोल होणार, ह्या दोघांचं समाधान होणार, उद्याचा गुरुवार निघून जाणार, आणि उद्या पहाटे कडी लागणार. दहा दिवसांनी डाग तिथेच असेल. मग हे म्हणतील, दात काढूनच टाकू.

लीलावतीने डेंटिस्टचं मनगट धरलं.

"ठहरिए."

"अरे, दर्द नहीं होगा, आंटी."

ती उठून बसली, तोंडातलं पाणी थुंकली आणि नवऱ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "मी अजून लावते."

"काय लावतेस?"

"मशेरी. मधे तीन महिने सोडलेली, तेवढीच. आज सकाळी पण लावली."

डेंटिस्ट दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "डर गईं क्या?"

"हाँ," मोहिते म्हणाले. "डर गईं." आणि ते बाहेर निघून गेले.

ती बाहेर आली तेव्हा ते स्कूटरला टेकून उभे होते. रिक्षावाला हॉर्न देत होता, तरी बाजूला सरकत नव्हते.

"माझे खिसे उलटे करायचीस."

"व्हय."

"दहा माणसांत आ म्हणायला लावायचीस. मी म्हणायचो. हवालदार होतो मी, लीले. पोरं हसायची, तरी म्हणायचो."

"व्हय."

"आणि स्वतः आत कडी लावून."

हॉर्न पुन्हा वाजला तशी ती कडेला सरकली.

"सात वेळा," मोहिते म्हणाले. "सात वेळा पुडी विकत घेतली आणि न फोडता गटारात टाकली. का? तर ही बया माझ्यासाठी एवढी झुरतेय."

"झुरत होतेच," लीलावती म्हणाली. "ते खोटं न्हवतं."

"आज कुठलं खरं, कुठलं खोटं, ते मला नको सांगू."

त्यांनी स्कूटर सुरू केली. ती मागे बसली नाही, ते थांबलेही नाहीत. ती बाजारातून चालत घरी आली. नलिनीने पाठवलेली पिशवी आणि डबी दोन्ही संडासात रिकामी करून तिने दोनदा पाणी ओतलं. संध्याकाळी मोहिते जेवले, ताट उचललं, निशांतशी क्रिकेटवर बोलले. तिच्याशी एक शब्द नाही.

गुरुवारी पहाटे तिने बाथरूमची कडी लावली नाही. कोमट पाणी पिऊन ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग आठ वाजता कागदांची पिशवी घेऊन बसची वाट धरायची म्हणून दार उघडलं, तर मोहिते इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरपाशी उभे.

"आधार कार्ड घेतलंस?"

तेवढंच बोलले. हॉस्पिटलपर्यंत दुसरं काही नाही.

सुमेधा डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि काही विचारायच्या आधीच लीलावती म्हणाली, "मशेरी लावते मी. त्या दिवशी खोटं सांगितलं."

"मला वाटलंच होतं. किती वर्षं?"

"चौदाव्या वर्षापासून. आता त्रेपन्न."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा." मग तिने दाराशी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "तीनदा. हे ड्यूटीवर गेल्यावर दुपारी पण."

मोहिते खिडकीबाहेर बघायला लागले. डॉक्टरांनी जुन्या कागदावरचं 'नाही' खोडून वर 'मशेरी' लिहिलं. मग सुई, बधिरपणा, कात्रीचा छोटासा आवाज. दोन टाके पडले. रिपोर्ट दोन आठवड्यांनी.

मधल्या मंगळवारी तिने जसविंदरला केंद्रामागच्या जिन्यात गाठून सांगितलं. जसविंदर आधी ऐकत राहिली, मग तिचा चेहरा लाल झाला. "मैंने अपने हाथ से 'नहीं' लिखा, लीलाजी. आपकी मिसाल देकर पचास औरतों को डाँटा है मैंने." ती वर निघून गेली. दोन पायऱ्या चढून थांबली. "वो चीज़ और कौन-कौन लगाता है यहाँ, आपको पता होगा. कैंटोनमेंट की तुम्हारी मराठी औरतें. नाम लिखकर दो." लीलावतीने संध्याकाळी पाच नावं लिहून दिली. खुर्चीवर बसायचं बोलावणं मात्र आलं नाही.

त्या दोन आठवड्यांत मोहित्यांनी तिचे डबे उघडून बघितले नाहीत, बाथरूमच्या दाराशी उभे राहिले नाहीत. बघितलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. ती पहाटे उठायची, कोमट पाणी प्यायची, हिरड्या खाजायला लागल्या की बडीशेप चघळायची, आणि तीनदा तर नलिनीचा नंबर काढून फोन पुन्हा खाली ठेवला होता.

रिपोर्टच्या गुरुवारी दोघं सुमेधा डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी कागद दोनदा वाचला. लीलावतीला आपल्या मांडीवरचे हात दिसत होते, दुसरं काही दिसत नव्हतं.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण एवढ्यावर उठून जाऊ नका. पेशी बदलायला लागल्या आहेत. मशेरी बंद राहिली तर डाग जाऊ शकतो, मी जाताना पाहिलेत. पुन्हा सुरू झाली तर पुढच्या वेळी तुमच्याशी वेगळं बोलावं लागेल. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, बरं वाटलं तरी. सोडणं सोपं नाही, मला माहितीय. गोळ्या देते, समुपदेशनाला नाव घालते. आज कितवा दिवस?"

"सोळावा," लीलावती म्हणाली.

"पंधरावा," मोहिते म्हणाले. पंधरवड्यात तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य त्यांनी डॉक्टरांकडे बघून पुरं केलं. "त्या बुधवारी सकाळी लावली होतीस."

डॉक्टरांनी कार्डावर पंधरा लिहिलं.