चुलीकडे पाठ करून

वारूळवाडीची आमची आक्का, म्हणजे माझी आत्या, मसाला भाजताना चुलीकडे पाठ करून बसायची. उन्हाळ्यात भावकीतल्या बायका वर्षाचा मसाला करायला तिच्या पडवीत जमत. कढईत धने, खोबरं, लवंगा एकेक करून पडत आणि आक्का रस्त्याकडे बघत नुसत्या वासावर सांगे, "उतरव. आता करपंल." बघून का सांगत नाहीस, असं मी विचारलं तर म्हणायची, "डोळा फसतो रं. धुरात समदं काळंच दिसतं."

तिचं नाक भावकीला अभिमानाचं, पण तिचे कान घराला जड जात. अधूनमधून काही महिने तिला सगळंच जास्त व्हायचं. कुणी ताटली ठेवली तरी दचकायची, ट्यूबलाइटची घरघर नको म्हणून अंधारात जेवायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, बोलणारे गृहस्थ नव्हतेच. त्यांनी भांड्यांच्या मांडणीवर पोती अंथरली आणि शेळीच्या गळ्यातल्या घंटेत चिंधी कोंबली. पाहुणे हसायचे. आम्ही तिला नाजूक म्हणायचो आणि विषय सोडून द्यायचो.

कोरोनाच्या काळात मी आक्काकडेच अडकलो होतो, तेव्हा घरातल्या घरातच मसाला निघाला. वहिनी, म्हणजे आक्काची सून, धने परतत होती. धुरानं सगळे खोकायला लागले तरी आक्का म्हणत होती, "थांब, अजून कच्चं हाय." धन्यांचा कोळसा झाला. आक्काचा वास गेला, म्हणजे कोरोनाच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला कांदा साठवायच्या बराखीशेजारच्या खोलीत ठेवलं. ताट दाराशी ठेवून आम्ही मागे सरायचो. तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा मामांनी पेढे आणले. मग वास गेला कशानं, हे कुणी विचारलं नाही.

आक्का खोलीतून बाहेर आली आणि आडवी झाली ती उठेना. "तितं बरं व्हतं," म्हणाली, "कुनी वाजत न्हवतं." तिनं पेढा चघळून हातावर काढला आणि म्हणाली, "मातीगत लागतंय." तेव्हा कुठे मामांनी तिला नारायणगावला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे डिप्रेशन आहे, या आजारात नुसतं मन उदास होत नाही. कुणाला आवाज सोसवत नाही, कुणाचा वास आणि चव जाते. मामा परत येताना एसटीत मला एवढंच म्हणाले, "आपुन तिला कोंडली रं."

गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. एका सकाळी मात्र आक्का अंथरुणातून म्हणाली, "मेथी कुनी चिरली?" मामा हातातला तांब्या ठेवून तिथंच खाली बसले.

त्यानंतर तिला एक सवय लागली. कुणालाही वाढलं की विचारायची, "लागतंय का?" नवख्याला वाटे, तिखटाचं विचारतेय. मला एकदा म्हणाली, "रडू येतंय तवर मानूस बरा असतो. चव गेली की मातर थांबू नये."

गेल्या पावसाळ्यात आक्का हार्टअटॅकनं गेली. मला रडू आलं नाही. तेराव्याचं जेवण मी सगळ्यांबरोबर जेवलो. कामावर जात होतो, बोलत होतो. वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. तिची फार आठवण येते, असं लोकांना सांगायचो, कारण तसं सांगायची रीत आहे.

या उन्हाळ्यात वहिनीनं मसाल्याला बोलावलं. "भावोजी, आक्कांच्या जागी तुमी बसा," म्हणाली. मी चुलीकडे पाठ करून बसलो. समोर रस्ता होता. मागे कढईत उलथणं फिरत होतं. मी वाट बघत राहिलो.

"भावोजी, करपलं की," वहिनी खोकत म्हणाली.

"मला वास आला नाही," मी म्हणालो. "कधीपासून येत नाही, तेही सांगता येत नाही."

वहिनीनं चूल विझवली. तिनं कढई उतरवली ती आवाज न करता, पोत्यावर. कोपऱ्यातले मामा उठले, त्यांनी टोपी घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," म्हणाले. "मी येतो संगं."