लाल चिंध्यांची बदकं

हिवाळ्यात वलीकलाच्या तळ्यावर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हे आता सांगितलं तर आमच्याच गावातली पोरं हसतात. मश्दी सब्जअली मात्र अजूनही तळ्याच्या वाटेवरच्या तुतीच्या झाडापाशी आला की बोलणं तोडतो. वाक्य अर्धं असलं तरी तोडतो. परतताना त्याच झाडापाशी ते पुढे सुरू करतो, आणि सोबतचा माणूस विषय विसरला असेल तर त्याच्यावर चिडतो.

घरी मात्र त्याच्याइतका आवाज गावात कुणाचा नाही. सकाळ-संध्याकाळ अंगणात उभा राहून तो बदकांना हाक मारतो, "बिया, बिया, बिया!" म्हणजे ये, ये, ये, आणि ती हाक मशिदीपर्यंत जाते. त्याची बायको खावर म्हणते, "तळ्यावर साठवलेलं सगळं इथं आणून माझ्या डोक्यावर ओतता."

"मग कुठं ओतू? तिथं ओतलं तर पाखरं उडतील."

"मीही उडाले असते. पंख नव्हते म्हणून राहिले."

त्याचा धंदा जाळ्याचा. भातकापणी झाली की तळ्याच्या पूर्वेकडच्या खाचरांत पाणी सोडायचं, चारी बाजूंनी बोरूचा उंच कूड उभा करायचा, आणि कुडाच्या आत एक अरुंद चर ठेवायचा. चरावर जाळं. शिकारी कुडामागे चिखलात बसतो, त्याच्या शेजारी टोपलीत पाळलेली बदकं. पहाटे उत्तरेकडून रानबदकांचे थवे आले की तो टोपलीतली चार-सहा बदकं हातानं वर सोडतो. ती उडतात, थव्यात मिसळतात, एक मोठी फेरी घेतात आणि दाण्याच्या ओढीनं चराकडे परत फिरतात. रानातली त्यांच्या मागोमाग उतरतात. दोरी ओढली की जाळं पडतं. पाळलेली ओळखून बाजूला काढायची, बाकीची पोत्यात. या सगळ्यात माणसाच्या तोंडून एक शब्द निघत नाही. विडी पेटत नाही. खोकला आला तर बाहीत तोंड खुपसायचं.

हे नियम कुणी लिहून ठेवलेले नव्हते, पण सगळ्यांना माहीत होते. हंगामातला पहिला थवा धरायचा नाही, त्याला पोटभर चरू द्यायचं. शेजाऱ्याच्या कुडावर उतरायला लागलेला थवा आपल्याकडे ओढायचा नाही. वरातीनं तुतीपाशी आल्यावर ढोल थांबवायचा. आणि बंदूक तळ्यावर आणायचीच नाही. ज्याला बार टाकायचे त्यानं खाली नदीच्या मुखाशी जावं.

पाळलेलं बदक कुणी खात नसे, आजही सब्जअलीच्या घरात खात नाहीत. म्हातारं होऊन मेलं की अंगणातल्या नारंजाच्या, आंबट संत्र्याच्या, झाडाखाली पुरतात. त्याची पुढारी होती नबात. नबात म्हणजे खडीसाखर. खावरनं तिचं अंडं कोंबडीखाली उबवलं होतं. टोपलीत सगळ्यात वर तीच असायची, सगळ्यात आधी तीच उडायची, आणि तिच्या मागे गेलेला थवा सहसा चुकत नसे. सब्जअली म्हणायचा, "मी नुसता दोरी ओढतो. काम ती करते." खावर म्हणायची, "या घरात बाया काम करतात आणि पुरुष दोरी ओढतात, हे तिच्यामुळं तरी कबूल केलंत."

एकेक करून बाकीचे कूड मोडले. कुणाची खाचरं व्हिला बांधायला विकली गेली, कुणाची मुलं सारी शहरात गेली आणि चिखलात बसायला गुडघे उरले नाहीत. शेवटी पूर्वेला सब्जअलीचा एकच कूड राहिला. त्याच वर्षी गावाच्या पंचांनी पश्चिमेचा बांध बंदूकवाल्यांना खुला केला.

ते काम बोर्जूनं जमवलं होतं. बोर्जू म्हणजे सब्जअलीच्या थोरल्या भावाचा मुलगा, बाप गेल्यावर काकाच्याच घरी जेवून वाढलेला. तेहरानच्या शिकाऱ्यांना फोनवर तारखा देणं, त्यांना गमबूट पुरवणं, बांधावर आडोसे उभे करणं, सगळं तोच बघायचा. चहाखान्यात पंच बसले होते तेव्हा तो काकाच्या शेजारीच बसला.

"अमू, एक हिवाळा बघा," तो म्हणाला. "तळं गावाचं आहे. तुम्ही एकटे पूर्वेला. पश्चिम रिकामीच पडलीय."

"रिकामी नाही. पाखरं तिकडून फिरून येतात."

"येऊ द्या की. हे लोक पाखरांसाठीच तर येतात."

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मश्दी, तुझी नबात त्यांच्याकडेही पाठव, जोडधंदा होईल." सगळे हसले. सब्जअली हसला नाही. त्यानं चहाच्या पेल्यावर बशी पालथी घातली. आमच्याकडे याचा अर्थ, आता मला नको.

पण भांडलाही नाही. त्याची एकच मागणी होती, की त्याची बदकं मरू नयेत. पाळलेलं बदक तयार व्हायला दोन हिवाळे लागतात. पुढारी तर दहातून एखादंच निघतं. ती गेली की कूड म्हणजे नुसतं कुंपण. पंच म्हणाले, बोर्जू सांगेल त्यांना. बोर्जूनं सांगितलंही. पण आकाशातल्या बदकाकडे खालून बघून हे घरचं की रानातलं, हे कुणाला कळणार? रंग एकच, पंख एकच.

पहिल्याच आठवड्यात एक गेलं. ज्याच्या छऱ्यांनी गेलं तो फर्शीद नावाचा इंजिनीअर, आमच्या बोलीत मोहंदेस, माणूस सभ्य. संध्याकाळी तो ते बदक रुमालात गुंडाळून आणि सोबत मिठाईचा मोठा डबा घेऊन दारात आला. मान खाली घालून उभा राहिला.

खावरनं बदक घेतलं, डब्याकडे बघितलं. "तेहरानात बदक मेलं की मिठाई वाटतात होय, मोहंदेस?"

"खाला, मला खरंच कळलं नाही. माफ करा."

"बसा आता. भात झालाय. न जेवता गेलात तर तेही आमच्या डोक्यावर."

तो जेवला. सब्जअलीनं त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं मासा वाढला. जेवता जेवता फर्शीद म्हणाला, "मश्दी, काहीतरी खूण असती ना, तर कुणीच बार टाकला नसता. शप्पथ." सब्जअलीचा हात तसाच थांबला.

दुसऱ्या दिवशी खावरच्या जुन्या लाल झग्याची बाही फाडली गेली. बोटभर रुंदीच्या चिंध्या. एकेका बदकाच्या गळ्यात सैल बांधल्या आणि सवय व्हावी म्हणून चार-पाच दिवस तशीच अंगणात फिरू दिली. आधी ती एकमेकांच्या चिंध्या ओढत होती. नबातनं स्वतःची पहिल्या दिवशी पाण्यात घासून घासून काढून टाकली, ती खावरनं टाका मारून पक्की केली. बोर्जू बांधावर सगळ्यांना सांगून आला, लाल चिंधीवर बार नाही. शिकाऱ्यांनी मान्य केलं. आणि पाळलंही, हे आधीच सांगायला हवं. त्या हिवाळ्यात लाल चिंधीवर नेम धरून कुणीही बार टाकला नाही.

उलट एक नवीनच गोष्ट घडायला लागली. पश्चिमेचा बांध एरवी सकाळपासून ठाँय ठाँय करायचा. पण सब्जअलीनं बदकं वर सोडली की तिकडे एकदम शांतता पसरायची. आडोशामागची डोकी स्थिर. कुणी हलत नाही, बोलत नाही. बदकं मोठी फेरी घ्यायची, बहुतेक वेळा बांधाच्या अलीकडूनच वळायची, आणि चराकडे उतरायची. मग पुन्हा तिकडे आवाज सुरू.

सब्जअली त्या दिवसांत जवळजवळ खुशीत होता. घरी येऊन खावरला म्हणाला, "शिकले गं. तेहरानवाले शिकले. माझी बदकं वर असली की श्वाससुद्धा घेत नाहीत. आपल्या गावच्या पोरांना इतकी रीत नाही."

"बघा, नाहीतर तुम्हालाच पंच करतील."

"चेष्टा करू नकोस. तळ्यावर गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला गप्प बसता येतं तो माणूस चांगला."

त्यानं फर्शीदसाठी नारंजाच्या मुरंब्याची बरणी पाठवली.

मग ती सकाळ आली. रात्रभर उत्तरेकडून गार वारा होता, म्हणजे थवे मोठे असणार. धुकं पाण्यापासून हातभर वर उचललं होतं आणि पश्चिमेचा बांध स्पष्ट दिसत होता. वरून जो थवा आला तसा आम्ही गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. सब्जअलीनं नबातला सोडलं, पाठोपाठ बाकीची टोपली रिकामी केली. चिंध्या वर चढत गेल्या आणि थव्याला जाऊन मिळाल्या. थवा वळला.

त्या दिवशी फेरी मोठी होती. वाऱ्यामुळं बदकं पश्चिमेकडे, बांधाच्याही पलीकडे गेली. खूप उंच. बांधावर नेहमीसारखी शांतता. सब्जअलीनं कुडाच्या फटीतून तिकडे पाहिलं आणि त्याला नळ्या दिसल्या. सगळ्या वर रोखलेल्या, आणि सगळ्या एकदमच सरकत होत्या. लाल चिंध्या जिकडे जातील तिकडे.

तेव्हा त्याला कळलं. ती रीत नव्हती, दबा होता. लाल चिंधी दिसली की तिच्या मागून रानबदकं येणार, हे बांधावरच्या प्रत्येकाला आता पाठ झालं होतं. चिंधी पुढे जाऊ द्यायची आणि मागच्यांवर बार टाकायचा. आजवर थवा आवाक्याबाहेरून वळत होता, एवढंच.

सब्जअली उभा राहिला. बोरूचा कूड दोन्ही हातांनी फाडून बाहेर आला, गुडघाभर पाण्यात, आणि ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो तळ्यावर ओरडला. काय ओरडला ते त्याला स्वतःला आठवत नाही. बोर्जूला आठवतं. तो म्हणतो, अमू नुसतं "नबात, नबात" ओरडत होते.

त्याला वाटलं, घाबरून उडतील, लांब जातील. रानातलं कुठलंही पाखरू गेलं असतं. पण ही त्याच्या अंगणातली बदकं. जन्मापासून त्या आवाजाचा त्यांना एकच अर्थ माहीत होता. नबातनं पंख आखडले आणि आवाजाच्या दिशेनं सरळ खाली आली, तिच्या मागे बाकीच्या चिंध्या, त्यांच्या मागे सगळा थवा. पश्चिमेकडून पूर्वेकडे, बांधावरून, माणसाच्या डोक्यावरून हात उंचावला तर लागेल इतक्या खालून.

सगळ्या बंदुका एकदम वाजल्या.

मागच्यांवरच टाकले होते बार. पण छर्रे पसरतात, आणि इतक्या खाली आलेल्या थव्यात पुढचं-मागचं फार वेगळं राहत नाही. धूर विरला तेव्हा पाण्यावर राखी-तपकिरी गोळे तरंगत होते, त्यांत मधूनमधून लाल. नबात आणि आणखी तिघं सब्जअलीच्या पायापाशी उतरली होती. नबात मान वर करून त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानं खिशात हात घातला आणि मूठभर दाणे टाकले.

बोर्जू पाणी तुडवत आला. त्याच्या हातात चिंधीवाली बदकं होती, पाय धरून उलटी नव्हे, दोन्ही हातांवर आडवी.

"अमू, चिंधीवर कुणीच टाकला नाही. कुराणाची शपथ. मागच्यांवर टाकले."

"माहीत आहे."

"उंच होती हो. आवाक्यात नव्हतीच. आज सोडूनच देणार होते सगळे. तुम्ही ओरडला नसतात तर…"

तो मध्येच थांबला. पण वाक्य पुरं झालंच होतं. सब्जअलीनं मान हलवली, जणू बोर्जूनं भाताचा भाव सांगितला असावा. मग बदकं त्याच्याकडून घेऊन टोपलीत ठेवली, जिवंतांच्या शेजारी. जिवंत चौघं बाजूला सरकली आणि त्यांनी जागा करून दिली.

फर्शीद तुतीपर्यंत मागे मागे आला. सब्जअलीच त्याला म्हणाला, "जा तुम्ही, मोहंदेस. थंडी आहे."

नारंजाखाली खड्डा खावरनं खणला. नवऱ्याला कुदळ हातात घेऊ दिली नाही. पुरण्याआधी तिनं चिंध्या कापून काढल्या, धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कापड होतं, एवढंच.

कूड बंद, असं त्यानं त्याच रात्री सांगितलं. पण बदकांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी पहाटे, टोपली न उचलता, कुणी न सोडता, चौघंही अंगणातून उडाली आणि तळ्याकडे गेली. वर्षानुवर्षं त्या वेळी तेच केलं होतं त्यांनी. सब्जअली अनवाणी मागे धावला. तुतीपाशी उभा राहिला, आणि हाक मारावी की नाही हे त्याला ठरवता येईना. पश्चिमेकडे, त्यांच्या मागे लागलेल्या रानबदकांवर, दोन बार झाले. बऱ्याच वेळानं तीन बदकं परत आली. त्यांत नबात होती.

त्या दुपारी तो अंगणात बसला. खावरला म्हणाला, "कात्री आण."

"मश्दी, आणखी एक दिवस बघू. कोंडून ठेवू."

"किती दिवस कोंडशील? हंगाम अजून निम्मा आहे."

आमच्या गावात जाळेवाल्यानं बदकाचा पंख कापणं म्हणजे जाळं कायमचं उतरवणं, हे खावरला सांगायची गरज नव्हती. ती कात्री घेऊन आली आणि समोर बसली. तिनं नबातला मांडीवर धरलं. त्यानं उजवा पंख हळूच पसरला, पंख्यासारखा, आणि टोकाची लांब पिसं एकेक करून कापली. रक्त येत नाही त्यात. दुखतही नाही म्हणतात. नबात शांत बसली होती, त्याच्या बोटांत दाणा आहे का ते चोचीनं चाचपत होती.

खाली ठेवल्यावर ती धावली, दोन्ही पंख फडफडवले, जराशी उचलली गेली, आणि एका अंगावर कलंडून मातीत पडली. उठली. पुन्हा धावली. पुन्हा पडली. खावर उठून आत जायला निघाली, पण गेली नाही.

"उन्हाळ्यात नवी पिसं येतील," ती म्हणाली.

"येतील," सब्जअली म्हणाला आणि त्यानं दुसरं बदक उचललं. "तेव्हा पुन्हा कापायची."