लग्नाकडे पाठ फिरवून

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे 'कोपर' म्हणत. अगदी आडनाव असल्यासारखं. बातमीचा फोटो काढायला दोन अवयव लागतात, डोळा आणि कोपर. डोळा सगळ्यांकडे असतो. हिचं कोपर जरा जास्त टोकदार होतं. एकोणीस वर्षं तिने पडलेल्या इमारती, पडलेले पुढारी, पूर, आगी आणि उद्घाटनं यांचे फोटो काढले. मग एके दिवशी मालकांना शोध लागला, की हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो आणि वाचक फोटो फुकट पाठवतात. कोपर एक खोका, एक मग आणि कुरकुरणारा उजवा गुडघा घेऊन घरी आली. गुडघा कचेरीचाच म्हणायचा. एकोणीस वर्षं उकिडवं बसून बसून झालेला.

तिच्या धाकट्या दिराचं पासपोर्ट फोटोंचं दुकान होतं. माणूस सोन्यासारखा. म्हणाला, "वहिनी, माझ्याकडे या. पंख्याखालचं काम. हनुवटी जरा खाली, कान दिसू द्या, झालं. लाठीमार नाही, काही नाही."

ती गेली. स्टुलावर बसून आठ दिवस तिने लोकांच्या हनुवट्या खाली केल्या. चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला ऐन वेळी शिंक आली. हिने नेमकी शिंक टिपली. टिपली तीही इतकी सुरेख, की माणसाचे गाल, डोळे, केस सगळे आपापल्या वाटेने निघालेले. दीर फोटो उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला.

"वहिनी, फोटो झकास आहे. पण हा बघून याला कुठला देश आत घेईल?"

गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायला ती ज्या मुलीकडे जायची, त्या फिजिओथेरपिस्टचं नोंदणी पद्धतीने लग्न ठरलं होतं. पाय वर-खाली करता करता शिंकेची गोष्ट निघाली. मुलगी इतकी हसली, की तिच्या हातातला पाय सुटून टेबलावर आपटला. मग म्हणाली, "माझ्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढा. मला 'इकडे बघा, हसा' नकोय. जे होईल ते काढा."

घरी आल्यावर कोपरने जाहीर करून टाकलं, "हे एक लग्न. लोकांना आवडलं तर हाच धंदा. नाही आवडलं तर भावजी, तुमचं स्टूल, तुमचा पंखा आणि मी. पुन्हा कुरकुर करणार नाही."

नवरा म्हणाला, "शेवटचं वाक्य कागदावर लिहून दे."

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला ती हॉलवर हजर झाली. बॅग उचलायला आणि धीर द्यायला दीर बरोबर होता. तो धीर देणार कसा, त्याच्याच हाताला घाम सुटला होता. दारातच नवरीच्या आत्याबाईंनी गाठलं. आत्याबाई निवृत्त मुख्याध्यापिका. हातात एक यादी, चौसष्ट फोटोंची, क्रमांक घालून.

"सतरा नंबर, सही करताना नवरी. तो चुकता कामा नये. बाकीचे मी सांभाळून घेईन."

"आत्याबाई, मी सांगून फोटो काढत नाही. घडेल ते काढते."

"मग घडेलच की! सही केल्याशिवाय लग्न होतंय थोडंच?"

पहिले दोन तास झकास गेले. नवरीचा बूट सापडेना तो फोटो, सापडला तो पायातच होता तो फोटो, नवरदेवाचा मित्र आरशासमोर भाषण पाठ करतोय तो फोटो. फक्त एकदा जुनी सवय उसळली. समोर गर्दी झाली, कोपर आपोआप बाहेर आलं आणि नवरदेवाच्या काकांच्या हातातलं सरबत काकांच्याच छातीवर गेलं. ती घाईघाईने म्हणाली, "प्रेस! प्रेस!" काका इतके गोंधळले, की त्यांनीच माफी मागितली.

मग सहीची वेळ झाली. मंचावर टेबल, टेबलावर नोंदवही, बाजूला चष्मा पुसणारे अधिकारी. हॉलमधले सगळे उठून उभे राहिले. नवरीने पेन उचललं. कोपर अगदी मोक्याच्या जागी, दोन हातांवर, कॅमेरा डोळ्याला लावून उभी.

आणि तिने पाठ फिरवली.

का, ते समजायला तिचे जुने मुख्य छायाचित्रकार माहीत हवेत. पान खाल्ल्यासारखं तोंड ठेवून बोलायचे, खात काहीच नसत. ते म्हणायचे, "मंचावर काय होणार ते छापील पत्रिकेत असतंच. बातमी असते ती बघणाऱ्यांच्या तोंडावर. महत्त्वाचं काही झालं की मागे वळा." हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की महत्त्वाचं काही झालं की मान आधी वळायची आणि विचार मागून धापा टाकत यायचा. कचेरीत ते चालायचं, कारण मंचाकडे तोंड केलेले आणखी दहा जण असत. इथे ती एकटी होती.

मागे पहिल्या रांगेत नवरीची आई बसली होती. बाकी सगळे उभे, ती एकटीच बसलेली. सकाळपासून हिला पाणी दे, त्याला खुर्ची दे, असं चाललेली बाई आता एकदम थांबली होती. डोळे मंचावर, आणि उजव्या हाताचं बोट मांडीवरच्या पर्सवर सावकाश फिरत होतं. वर, खाली, गोल, आडवी रेघ. ओठ हलत होते. मुलगी तिकडे नाव लिहीत होती आणि आई इकडे, तिच्याबरोबर, एकेक अक्षर.

कोपरने अकरा फोटो काढले. समोर वळली तेव्हा पेनाला टोपण लागलं होतं आणि टाळ्या वाजत होत्या.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. दिराचं तर रक्तच पळालं असावं. तो पांढराफटक पडून कुजबुजला, "वहिनी, सतरा नंबर?"

"नाही आला."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही."

आत्याबाईंना अशा गोष्टींचा वास येतो. अर्धं आयुष्य पोरांच्या दप्तरात काय दडलंय ते बाहेरून ओळखण्यात गेलेलं. त्या यादी घेऊन हजर झाल्या. "सतरा दाखवा बघू."

खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही. सुचायला वेळच नव्हता. "आत्याबाई, चूक झाली. मी दुसरीकडे बघत होते."

"दुसरीकडे? लग्न इकडे आणि तुम्ही दुसरीकडे? अहो, आमच्या शाळेत पोरं असं करायची, त्यांना मी बाकावर उभं करायचे!"

गर्दी जमली. ओल्या सदऱ्याचे काका सगळ्यांत पुढे. आत्याबाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि मुख्याध्यापिकेचा निकाल दिला, "हरकत नाही. पुन्हा सही करू. कोऱ्या कागदावर. कोणाला कळतंय?"

नवरदेव लगेच तयार. पेन आलं, कागद आला. सगळे कोपरकडे बघू लागले.

एका क्लिकचं काम. पण एकोणीस वर्षांत तिने 'पुन्हा करा' कधी कोणाला म्हटलं नव्हतं. तिच्या एका सहकाऱ्याने पुढाऱ्याकडून एकच रोपटं तीनदा लावून घेतलं होतं. मुख्यांनी त्याला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. रोपटंही जगलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते स्टूल उभं राहिलं, वर गरगरणारा पंखा, आणि हनुवट्यांची न संपणारी रांग. एकदा वाटलं, जाऊ दे, काढावा.

"हा फोटो मला काढता यायचा नाही," ती म्हणाली. "मी काढला तर तो खरा म्हणून लागेल. खरा असता तो मी घालवला. भावजी काढतील, त्यांना छान येतो. फक्त त्याच्याखाली लिहा, 'नंतर काढलेला.'"

"लग्नाच्या अल्बममध्ये 'नंतर काढलेला'?" आत्याबाई कडाडल्या. "म्हणजे लोक काय समजतील?"

नवरीला हसू फुटलं. मागोमाग नवरदेवाला. दिराने बॅगेतला दुसरा कॅमेरा हातात घेतला, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "हनुवटी जरा खाली. कान दिसू द्या." मग मात्र अख्खा हॉल फुटला.

आता सगळ्यांसमोर काही तरी खरंच घडत होतं. कोपर चार पावलं मागे सरली आणि घडेल ते काढू लागली. यादीची सुरळी करून दिग्दर्शन करणाऱ्या आत्याबाई, गुडघ्यावर बसलेला घामाघूम दीर, कोऱ्या कागदावर पेन टेकवून हसू दाबणारी नवरी, आणि चौकटीत शिरायला धडपडणारे सरबती काका.

गडबड ओसरल्यावर तिने नवरीला बाजूला घेऊन कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ते अकरा फोटो दाखवले. "तुमच्या सहीचा फोटो चुकला तो यामुळे. रागवायचं असेल तर आत्ताच रागवा."

मुलगी एकेक फोटो सरकवत गेली. चौथ्या फोटोला तिला बोट कळलं. तिने हाक मारली, "आई, इकडे ये. हे काय करत होतीस गं?"

आई पदराने कपाळ टिपत आली, बघितलं आणि लाजली. "काही नाही गं. पहिलीत असताना शेवटचं अक्षर तू नेहमी उलटं काढायचीस. म्हटलं, आज एवढ्या लोकांसमोर..." मुलीने आईचं ते बोट घट्ट धरलं. कोपरने कॅमेरा उचलला होता, तो खाली ठेवला. तेवढा एक फोटो तिने जाणूनबुजून सोडला.

बारा दिवसांनी आत्याबाईंचा फोन आला. दीर शेजारीच होता, त्याने कान लावला.

"अल्बम बघितला. तुमच्या त्या फोटोत मी सर्कशीतल्या रिंगमास्तरासारखी दिसते."

"हो, आत्याबाई."

"सगळे तोच मागतायत. मला तर तोंड दाखवायची सोयच राहिली नाही." पलीकडे यादीचा कागद फडफडला. "आमच्या वहिनीचा तो बोटाचा फोटो मोठा करून हवा. आणि माझ्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय. तुम्ही या. पण त्या भावजींनाही आणा. ते मंचाकडे तोंड करून उभे राहतील, तुम्ही आमच्याकडे. दोघांनी एकाच बाजूला बघायचं नाही, सांगून ठेवते."

"आणि यादी?"

"यादी आहेच. पण या वेळी मी काही नंबर कोरे ठेवलेत."

"किती?"

"ते तुम्हाला कशाला? घडेल ते काढा."

दिराने तिच्या हातातून फोन घेतला आणि मोठ्या अदबीने विचारलं, "आत्याबाई, म्हणजे वहिनींच्या फोटोत मीही येणारच. मी कोणता शर्ट घालू?"