वरचे चोवीस

“हजाराला हजारच मोजायचं, काका. वरचे चोवीस कशाला? इथंही सवलत लागते का तुम्हाला?”

नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात कक्ष अधिकाऱ्याने मला हे विचारले. आवाज चढवला नव्हता. चहाचा कप हातात धरून, खुर्चीत मागे रेलून, सहज विचारले. अर्जावर माझे आडनाव होते, गावापुढे वस्तीचे नाव होते. त्याला तेवढे पुरले. आजूबाजूची टेबले हसली.

आणि मी हसलो.

हे लिहिताना आजही मान खाली जाते. सारी नोकरी मी दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून केली. निवृत्तीनंतर पत्रे लिहून अनेक कार्यालयांची झोप उडवली. एकेका शब्दाचा अर्थ कायद्यात शोधणारा माणूस मी. तो त्या टेबलासमोर ओशाळवाणे हसला, कारण अपिलाची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि त्या माणसाची मर्जी राखावी असे वाटले.

प्रकरण साधे आहे. घोटीच्या पलीकडे माझे गाव. आमच्या बौद्ध वस्तीतून स्मशानभूमीकडे जाणारी वहिवाटीची वाट नाशिकच्या गंगापूर रोडला राहणाऱ्या एका गृहस्थाने शेतघर बांधताना तारेचे कुंपण घालून बंद केली. उरली ओढ्यातली वाट. पावसाळ्यात तिथे गळ्याइतके पाणी असते. वस्तीचा अर्ज खालच्या कार्यालयात फेटाळला गेला, म्हणून मी अपील तयार केले. ते ऑनलाइनच दाखल करायचे होते.

पोर्टलवर लिहिले होते : फाईल पाच एमबीपेक्षा मोठी नसावी. माझी फाईल पाच हजार साठ केबीची. माझा संगणक एक हजार चोवीस केबींचा एक एमबी धरतो. त्याच्या हिशेबाने ती पाच एमबीच्या आत होती. पोर्टल हजार केबींचा एक एमबी धरत होते. त्याच्या हिशेबाने ती बाहेर होती. दोन्ही रीती जगात चालतात. म्हणून मी कार्यालयात जाऊन एवढेच विचारले, की एक एमबी म्हणजे किती केबी, हे आपल्या कोणत्या नियमात लिहिले आहे? त्यावर आलेले उत्तर मी वर दिले आहे.

मग मी अभ्यागतांच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो आणि फाईलमधला एक फोटो काढून टाकला. सर्वांत जड तोच होता. माझ्या चुलतभावाची तिरडी. खांदेकरी पाण्यात छातीपर्यंत बुडालेले, तिरडी हातांनी डोक्यावर उचललेली. काठावर चंद्राक्का, त्याची बायको. फोटो वगळला, पोर्टलने फाईल घेतली. अधिकारी म्हणाला, “बघा, झालं ना?” मी त्याचे आभारही मानले.

निकालात वाक्य आले : “पावसाळ्यात अंत्यविधीस अडथळा होतो, याचा कोणताही पुरावा अपीलकर्त्याने जोडलेला नाही.”

तो निकाल मी वस्तीच्या समाजमंदिरात वाचून दाखवला. चंद्राक्का दाराशी बसली होती.

“भाऊ, मंग माझा फोटू?”

“मोठा होता, आक्का. मावला नाही.”

“कशात मावला नाय?”

मी निकालाच्या कागदाची घडी घालू लागलो.

“आम्ही मयत घेऊन पाण्यातून गेलो. ते मावलं. अन् त्याचा फोटू मावंना व्हय?”

तेव्हा मला कळले, की कार्यालयात मी केवळ माझा अपमान गिळला नव्हता. पुरावा माझा नव्हता, दुःख माझे नव्हते. तरी ते मी माझ्या हातांनी पुसले होते, आणि तेही हसऱ्या चेहऱ्याने.

पुनर्विलोकनाचा अर्ज घेऊन मी पुन्हा तिथे गेलो. या वेळी अधिकाऱ्याने मला बसायला खुर्ची दिली. मजकूर त्यानेच सुचवला. “‘माझ्या तांत्रिक अज्ञानामुळे पुरावा राहून गेला’, एवढं लिहा काका. साहेब घेतील करून. वाद कशाला वाढवता या वयात?”

मी म्हणालो, “अज्ञान माझे नाही. एककाची व्याख्या तुम्ही केलेली नाही. अर्जात तेच लिहिले आहे. आणि मागच्या वेळी तुम्ही मला जे वाक्य ऐकवलेत, तेही शपथपत्रावर लिहिले आहे. तुमच्या नावासह.”

“मग नामंजूर होईल.”

“तसे लेखी द्या. कारणांसह.”

त्या दिवशी टेबलांवरून कुणी मान वर केली नाही. मला त्याचे समाधान नाही. तो फोटो आता शपथपत्रासोबत दाखल आहे, पण निकाल अजून लागलेला नाही आणि कुंपण उभे आहे.

उभा जन्म मी कायद्याच्या बाजूने लिहीत आलो. पुढेही लिहीन, उच्च न्यायालयापर्यंत लिहीन. परंतु वस्तीतले यापुढचे एकही प्रेत ओढ्यातून जाणार नाही. ते वहिवाटीच्या वाटेने जाईल, भरदिवसा, तार तोडून. पक्कड माझ्या हातात असेल. तशी लेखी पूर्वसूचना मी तहसीलदार, पोलीस ठाणे आणि त्या गृहस्थांना पाठवली आहे. गुन्हा नोंदवायचा झाल्यास आरोपी क्रमांक एक म्हणून माझे नाव घालावे.